एका वेळी १४-१५ कुत्री : डे-केअरमध्ये रमवायची कशी, आवरायची कशी?

नवी_वाट

नमस्कार मंडळी. बाणेर-बालेवाडी भागात कुत्र्यांचं डे-केअर आहे. फक्त दिवसाचं, रात्री ठेवत नाही. एकूण जागा १८०० चौ. फूट, त्यात ७०० फुटांचा हॉल (गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल्स) आणि बाकी कंपाउंड. रोजची हजेरी : चार लॅब (लॅब्राडोर), दोन गोल्डन (रिट्रीव्हर), दोन बीगल, तीन इंडी (देशी), एक जर्मन शेफर्ड, दोन शिट्झू, एक पग. मदतीला दोन मुलं आहेत.

अडचणी अशा :

१. सकाळी ९ ते १० गेटपाशी नुसता कल्ला. नवीन कुत्रा आत आला की सगळे त्याच्या अंगावर.
२. चेंडू टाकला की दोन मिनिटांत गुरगुर सुरू.
३. साडेअकरानंतर एक भुंकला की पंधरा भुंकतात. शेजारच्या सोसायटीतून फोन येतात.
४. पालकांची तक्रार, "दिवसभर खेळून आला तरी घरी उड्याच मारतोय."

यांना नीट दमवायचं कसं? कोणती खेळणी आणावीत?

शेपूट_वाकडं

तुमच्या चौथ्या मुद्द्यातच पहिल्या तिघांचं उत्तर आहे. दमवायला जाऊच नका.

सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा मोकळं सोडलेलं कुत्रं दमत नाही, तारवटतं. लग्नघरात रात्री बारापर्यंत जागलेलं पोर झोपायचं सोडून किंचाळत पळतं, तसंच. प्रौढ कुत्रं २४ तासांत १२ ते १४ तास झोपतं, पिल्लू त्याहून जास्त. त्यातली दुपारची झोप तुमच्याकडे होत नसेल तर साडेअकराचं भुंकणं आणि घरच्या उड्या ठरलेल्याच.

उपाय पाळ्यांचा. पंधरांचे दोन गट करा, सात-आठचे. एक गट बाहेर असताना दुसरा आत विश्रांतीला. साधारण असं बसवता येतं :

८.३० ते १० : आगमन. आलेला प्रत्येक जण आधी शी-शूच्या कोपऱ्यात, पट्ट्यावर, पाच मिनिटं. मग गटात.
१० ते १२ : अर्ध्या-अर्ध्या तासाच्या पाळ्या. गट 'अ' बाहेर, 'ब' आत, मग उलट.
१२ ते ३ : सगळ्यांना सक्तीची विश्रांती. पडदे ओढलेले, पंखे चालू, माणसांची ये-जा बंद.
३ ते ४.३० : हुंगण्याची, चाटण्याची, कुरतडण्याची कामं. प्रत्येकाची वेगळी.
४.३० ते ५.३० : पुन्हा पाळ्यांत खेळ, पण हळूहळू उतरता. शेवटची पंधरा-वीस मिनिटं पट्ट्यावर नुसतं फिरणं.

विश्रांतीची जागा म्हणजे प्रत्येकाला आपापला कप्पा. लॅबला निदान ४ फूट बाय ४ फूट. मधलं पार्टिशन पारदर्शक जाळीचं नको. समोरचा दिसला की डोळ्याला डोळा भिडतो आणि तिथूनच भुंकणं पेटतं. जाळी आधीच लावली असेल तर बाहेरून हिरवी शेडनेट दुहेरी घडी घालून ४ फुटांपर्यंत बांधा. कप्प्यात घरची जुनी चादर, घरच्या वासासाठी न धुतलेली. पालकांना तसं बजावून सांगा, नाहीतर ते इस्त्री करून पाठवतात.

याचा दुसरा फायदा मनुष्यबळाचा. एक मुलगा शू पुसायला वाकला की दुसऱ्याच्या वाट्याला पंधरा कुत्री येतात, आणि नेमकं तेव्हाच काहीतरी घडतं. गट अर्धा केला की तेच दोघे पुरतात.

लेस्टरकर

शेपूटराव म्हणतात त्याला दुजोरा. इकडे इंग्लंडमध्ये २०१८ च्या प्राणिकल्याण परवाना नियमांखाली डे-केअरला परवाना लागतो, आणि त्याच्या मार्गदर्शिकेत दर कुत्र्यामागे किमान ६ चौ. मी. जागा धरली आहे, म्हणजे साधारण ६५ चौ. फूट. तुमच्या १८०० फुटांत पंधरा बसतात, पण हॉल एकट्याचा विचार केला तर ७०० मध्ये दहाच. पावसाळ्यात सगळे आत असतील तेव्हा हा हिशोब उघडा पडेल. जून ते सप्टेंबर हजेरी कमी ठेवा किंवा कंपाउंडच्या काही भागावर पत्रा टाका.

गट पाडताना जात बघू नका, वजन आणि खेळायची तऱ्हा बघा. लॅब-गोल्डन धक्काबुक्कीवाले, छातीला छाती भिडवणारे. इंडी आणि जर्मन शेफर्ड बहुधा पाठलागवाले. बीगल नाकवाले, त्यांना दुसऱ्या कुत्र्यापेक्षा कोपऱ्यातल्या वासात जास्त रस. धक्काबुक्कीवाला लॅब पाठलागवाल्या इंडीच्या अंगावर आदळला की इंडी दात दाखवतो आणि बोल मात्र इंडीलाच बसतो.

शिट्झू आणि पग यांचा गट कायमचा वेगळा. साधारण १० किलोच्या आतले मोठ्यांत सोडायचेच नाहीत, मोठा कितीही गरीब असो. छोटं कुत्रं घाबरून केकाटत पळालं की मोठ्याच्या डोक्यात खेळ संपतो आणि शिकार सुरू होते. एकाच झटक्यात मान जाते. कारवानी, पश्मी यांसारखे शिकारी हाउंड कोणी आणले तर हे दुप्पट लक्षात ठेवा. त्यांची नजर पळत्या वस्तूवरच बांधलेली असते.

नवी_वाट

पटलं. पण १२ ते ३ कप्प्यात ठेवलं तर पालक म्हणणार, "पैसे खेळायचे घेता आणि कोंडून ठेवता." त्यांना काय सांगू?

आणि चेंडूचं काय? तो सगळ्यांना आवडतो हो.

शेपूट_वाकडं

पालकांना वेळापत्रक प्रवेशाच्या दिवशीच लेखी द्या. ज्यांना सतत धावपळीचे व्हिडिओ हवे आहेत ते जातील, जाऊ द्यात.

चेंडू आवडतो म्हणूनच नको. एक चेंडू आणि सात कुत्री म्हणजे सहा जणांच्या हातून गेलेली वस्तू. वर टेनिसचा चेंडू मोठ्या लॅबच्या घशात जाऊन अडकू शकतो. गटात काय चालतं याची कसोटी सोपी आहे : जी वस्तू उचलून पळवता येत नाही ती ठेवायची.

वाळूचा हौद. ५ फूट बाय ५ फूट, दीड फूट खोल, नदीची वाळू. खणायला दोघे-तिघे एका वेळी. रात्री ताडपत्रीने झाका, नाहीतर परिसरातली मांजरं त्याचा संडास करतात. खाणं मात्र त्यात पुरू नका.

उथळ पाणी. घोट्यापर्यंत, ५-६ इंच. रोज संध्याकाळी ओतून टाकायचं, साठवायचं नाही.

चढउतार. सिमेंटचे ठोकळे, फळी, एक-दीड फुटाचा चौथरा, गाडीचे जुने टायर अर्धे गाडून. टायरच्या आत पाणी साठतं आणि डास होतात, म्हणून खाली भोकं पाडा. उंच चौथऱ्यावर एकच कुत्रं बसून इतरांना चढू देत नसेल तर तो चौथरा काढा.

वासाचे कोपरे. सुक्या पानांचा ढीग, नारळाच्या काथ्याचे जुने पायपुसणे, गोणपाटाचे तुकडे, पुठ्ठ्याची खोकी (पिना आणि चिकटपट्टी काढून). एका गटाने हुंगलेलं गोणपाट दुसऱ्या गटाला द्या. फुकटचं वर्तमानपत्र आहे ते, पाच-दहा मिनिटं तल्लीन होतात.

खाण्याची कामं फक्त कप्प्यात, दार लावून. अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये त्यांचंच रोजचं कोरडं खाणं मूठभर टाकून ट्रे घडी घालून द्या. किंवा पोकळ रबरी खेळण्यात भात, उकडलेला लाल भोपळा आणि बिनसाखरेचं दही भरून रात्री फ्रीजरला. लॅबला ते संपवायला वीस-पंचवीस मिनिटं सहज लागतात. चाटणं आणि चावणं ही दोन्ही शांत करणारी कामं आहेत, त्यामुळे ती विश्रांतीला लागूनच ठेवायची. जेवढं यात दिलं तेवढं जेवणातून कापा.

करवंटी, शिजवलेली हाडं आणि दुकानात मिळणारी चामड्याची हाडं नकोत. पहिल्या दोन फुटून टोकदार होतात, तिसरी फुगून अडकते.

गोठ्यातला_डॉक्टर

खाण्यावरून एक यादी भिंतीवर लावा. मदतनीस मुलं प्रेमाने काहीही भरवतात. द्राक्षं, बेदाणे, मनुका, चॉकलेट, कांदा, लसूण पूर्ण बंद. 'शुगर-फ्री' लिहिलेलं काहीही बंद, त्यात झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) असू शकतं आणि त्याने कुत्र्याची साखर धाडकन उतरते. काही पीनट बटरमध्येही ते असतं, डब्यावरचे घटक वाचा. ग्लुकोजची बिस्किटं विष नाहीत, पण पंधरा जणांना 'एकेक' करत दिवसभरात दहा होतात.

खोल छातीच्या कुत्र्यांना (तुमचा जर्मन शेफर्ड) जेवणाआधी-नंतर तासभर पळवू नका. पोट फुगून पिळा पडणं ही तासांत जीव घेणारी गोष्ट आहे. पोट नगाऱ्यासारखं, ओकारीचा नुसता उमाळा आणि बाहेर काही नाही, हे दिसलं की वाट न पाहता दवाखाना.

प्रवेशाच्या अटी : रेबीज, आणि डिस्टेंपर-पार्वो-लेप्टोची एकत्रित लस वेळेवर झालेली. पिल्लाचा शेवटचा डोस १६ आठवड्यांचा किंवा त्यानंतरचा असावा. त्याआधी गटात नाही. केनेल कफची (कुत्र्यांच्या संसर्गजन्य खोकल्याची) लस नाकातली असेल तर लवकर काम करते. टोचायची असेल तर पहिल्यांदा दोन डोस लागतात, त्यामुळे 'काल टोचली, आज आणला' चालत नाही. खोकणारं कुत्रं गेटवरूनच परत. संसर्गापासून लक्षणं दिसायला दोन दिवसांपासून दोन आठवड्यांपर्यंत वेळ जातो, म्हणून एक खोकला की सगळ्या पालकांना त्याच दिवशी कळवा.

माजावर आलेली मादी रक्त दिसल्यापासून सुमारे तीन आठवडे नाही. यावर घासाघीस करायची नाही. गटातल्या खच्ची न केलेल्या नरांचं डोकं ठिकाणावर राहत नाही.

आता सफाई. पार्वोचा विषाणू जमिनीवर महिनोन् महिने टिकतो आणि आपल्याकडचं फिनेल त्याच्यावर भरवशाचं नाही. ब्लीच चालतं : घरगुती ब्लीच १ भाग, पाणी ३० भाग, १० मिनिटं फरशी ओली राहायला हवी, मग स्वच्छ पाण्याने धुणं. पण आधी शी-शू उचलून साबणाने धुवा. मळ असेल तर ब्लीच त्यातच खर्ची पडतं, आणि मूत्रावर थेट ओतलं तर डोळे-घसा जाळणारा वायू निघतो. अ‍ॅसिडबरोबर तर कधीच मिसळू नका. रोज ताजं द्रावण, कुत्री बाहेर असताना.

गोचीड भिंतीच्या फटीत राहतात आणि वर चढतात. नुसती फरशी पुसून जात नाहीत. कप्प्यांच्या सांध्यांत, दाराच्या चौकटीत, छताच्या कडेला टॉर्च मारून बघा आणि फटी सिमेंटने बुजवा. पालकांकडून गोचिडाच्या औषधाची तारीख लिहून घ्या.

करडी_मांजर

चोख माहिती. एक शंका : भुंकणं थांबवायला पाण्याचा स्प्रे किंवा डब्यात खडे घालून वाजवणं, हे बऱ्याच ठिकाणी बघितलंय. चालतं का? मांजरवाली आहे, चुकून या धाग्यावर आले, हाकलू नका :)

बेलापूर_खाडी

हाकलत नाही, प्रश्न रास्त आहे.

चालत नाही असं नाही, भुंकणं थांबतं. पण खड्यांचा डबा वाजवला की एकाला शिक्षा होते आणि चौदा जण विनाकारण दचकतात. त्यातला एखादा त्या क्षणी ज्याच्याकडे बघत होता त्याच्याशी ती भीती जोडतो. गुरगुरण्यावर स्प्रे मारणं तर धोक्याचं. गुरगुर म्हणजे 'लांब हो' ही पूर्वसूचना. ती दाबली की पुढच्या वेळी सूचना न देता थेट चावा येतो.

त्याऐवजी आवरण्याची भाषा आधी शिकवावी लागते, आणि ती गटात शिकवता येत नाही. क्रम असा : एकट्या कुत्र्याला त्याच्या नावावर वळून यायला शिकवा. नाव, वळला की लगेच तोंडात बोटाच्या पेराएवढा उकडलेल्या चिकनचा तुकडा. दिवसातून दोन-तीन वेळा, एकेक मिनिट. तो चुकेनासा झाला की दोघांत, मग चौघांत. 'चलाऽ' सारखी सगळ्यांना एकच हाक शेवटी. एकाच हाकेने सुरुवात केली तर ती चार दिवसांत पंख्याच्या आवाजासारखी होते, कोणी मान वर करत नाही.

गटात खाऊ द्यायचा तर प्रत्येकाचं नाव घेऊन, त्याच्या तोंडापाशी हात नेऊन. मूठ उधळू नका. ताटावरून भांडणारा एखादा असेल (अन्न राखणारा) तर त्या गटात खाऊच नको, त्याला कप्प्यात.

मध्ये कधी पडायचं हे मुलांना दाखवून द्यावं लागतं. चांगल्या खेळात अदलाबदल असते : आता हा पळतो, मग तो. एकदा हा खाली, एकदा तो. पुढचे पाय टेकून ढुंगण वर, अंग सैल, तोंड उघडं, मधूनच दोघेही थांबून अंग झाडतात. बिघडायला लागलं की तोंड मिटतं, शेपूट वर ताठ आणि बारीक थरथरती, एक जण दुसऱ्याच्या खांद्यावर आडवी मान टाकून गोठतो, डोळ्याचा पांढरा भाग दिसतो. तिघे एकामागे लागलेत आणि तो पायांत शेपूट घालून भिंतीच्या कडेने पळतोय, तर तो खेळ नाही, भले कोणी भुंकत नसो. दुसऱ्याच्या पाठीवर चढणं हेही बहुतेक वेळा अति उत्तेजनाचं लक्षण. चेष्टेवारी न नेता त्याला बाजूला घ्या.

शंका आली तर दांडगाई करणाऱ्याला पाच सेकंद धरून ठेवा. दुसरा परत त्याच्याकडे आला तर खेळ होता, निघून गेला तर नव्हता.

आणि खेळ छान चालला असतानाच थांबवायची सवय लावा. दर दोन-तीन मिनिटांनी नाव, खाऊ, वीस सेकंद उभं राहणं, मग 'जा'. बिघडल्यावर थांबवायला गेलात तर कुत्र्याचे कान बंद झालेले असतात.

लेस्टरकर

बेलापूरकरांच्या यादीत एक भर : मुलं उभी कुठे राहतात ते बघा. एका जागी मोबाइल घेऊन उभा राहिलेला मदतनीस म्हणजे गर्दीचं केंद्र. त्याच्या पायाशी पाच-सहा कुत्री गोळा होतात, त्याच्या लाडावरून ढकलाढकली होते आणि पहिला चावा तिथेच पडतो. सतत चालत राहायचं, घोळक्यातून मधोमध संथपणे. कोपरे आणि दार मोकळे ठेवायचे.

गेटच्या कल्ल्यासाठी : दोन दारं हवीत, मध्ये निदान ४ बाय ५ फुटांची मोकळी जागा, आणि एक बंद झाल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. आतल्या दारावर शेडनेट, म्हणजे आतल्यांना आगंतुक दिसत नाही. पालकांना १० मिनिटांच्या अंतराने वेळा वाटून द्या. नव्या कुत्र्याला घोळक्यात न सोडता आधी मोकळ्या कंपाउंडात एका शांत जुन्या कुत्र्याबरोबर समांतर चालवा, ८-१० फुटांचं अंतर, मग दोन-तीन सेकंद मागून हुंगू द्या, मग हाक मारून वेगळे. असं एकेक करून गट वाढवा. पहिले दोन-तीन दिवस अर्धा दिवसच.

इंडी असतील तर कंपाउंडची भिंत बघा. सहा फूट हवी आणि भिंतीला लागून चौथरा, ड्रम काही नको. तीही पायरी होते.

नवी_वाट

खूपच कामाचं. दोन प्रश्न राहिले. भांडण लागलंच तर हात घालायचा का? आणि खेळताना गळ्यातले पट्टे काढावेत की ठेवावेत? पालक म्हणतात, पळून गेला तर ओळख कशी पटणार.

बेलापूर_खाडी

पट्टे काढा. तोंडातोंडीच्या खेळात एकाचा खालचा जबडा दुसऱ्याच्या पट्ट्यात अडकतो, दोघे घाबरून उलट फिरतात, पट्टा पिळतो आणि ज्याच्या गळ्यात तो आहे तो गुदमरतो. लोकांना ते भांडण वाटतं आणि ते ओढायला जातात, त्याने आणखी आवळतं. दोघांना एकमेकांकडे ढकलून पीळ उलगडायचा किंवा पट्टा कापायचा. जाड कात्री खिळ्याला टांगून ठेवा. चोक चेन (ओढली की आवळणारी साखळी) आणि हार्नेस (छातीवरचा पट्टा) घालून तर गटात सोडूच नका. ओळखीसाठी मायक्रोचिप, नाहीतर झटका बसला की सुटणारा पट्टा.

भांडणात हात मानेपाशी न्यायचा नाही. आधी मोठा आवाज, पत्र्यावर पत्रा. मग बादलीभर पाणी तोंडावर, किंवा नळीची धार. मग फळी दोघांच्या मध्ये सरकवायची. काहीच जमलं नाही तर दोन माणसांनी एकाच वेळी दोघांचे मागचे पाय मांडीपाशी उचलून अर्धवर्तुळात मागे चालायचं, म्हणजे तो वळून चावू शकत नाही. दात रुतवून धरलं असेल तर ओढू नका, कातडं फाटतं. सुटल्यावर दोघांना वेगळ्या कप्प्यात, त्या दिवशी पुन्हा एकत्र नाही. जखम केसांखाली दिसत नाही, हाताने चाचपा.

गोठ्यातला_डॉक्टर

माणसाला चावा किंवा ओरखडा बसला तर साबण आणि वाहत्या पाण्याखाली पूर्ण १५ मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी डॉक्टर. कुत्र्याची लस झालेली आहे म्हणून टाळायचं नाही. तुम्ही आणि दोन्ही मुलांनी रेबीजची लस आधीच घेऊन ठेवा. म्हणजे चाव्यानंतर दोनच डोस लागतात, शून्याव्या आणि तिसऱ्या दिवशी, आणि इम्युनोग्लोब्युलिनची (तयार प्रतिपिंडांच्या इंजेक्शनची) गरज पडत नाही.

उन्हाळ्याचं कोणी बोललं नाही म्हणून : मार्च ते मे, सकाळी साडेदहा ते संध्याकाळी पाच बाहेर खेळ नाही. तुमचा पग आणि शिट्झू हे आखूड नाकाचे, त्यांना नऊ वाजताही ऊन लागू शकतं. निरोगी कुत्र्याचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट. धाप थांबत नाही, जीभ गडद लाल, चाल लटपटते, तापमान १०४ च्या वर, अशा वेळी आधी गार पाणी पूर्ण अंगावर आणि पंखा, मग गाडी. १०३ ला आलं की पाणी थांबवा. नळाचं पाणी उन्हात टाकीत तापलेलं असतं, हे अशा वेळी कोणाच्या लक्षात येत नाही. सावलीतला एक पिंप वेगळा भरून ठेवा.

टाइल्सवर ५ ते ८ मिमीचे रबरी मॅट टाका. गुळगुळीत फरशीवर पाय फाकून लॅबच्या गुडघ्याचे अस्थिबंध तुटू शकतात. शिवाय मोकळ्या हॉलमध्ये आवाज घुमतो, मॅट आणि जाड पडद्यांनी तोही बसतो. सोसायटीचे फोन निम्मे त्यानेच कमी होतील.

करडी_मांजर

आणि जो दिवसभर गेटपाशीच बसून राहतो, कोणाशीच खेळत नाही, त्याचं काय करायचं?

शेपूट_वाकडं

दोन-तीन वर्षांचं झालं की बऱ्याच कुत्र्यांना अनोळखी घोळक्यात रस उरत नाही. तो आजार नाही. दोन आठवड्यांत जेवला नाही, कप्प्यात झोपला नाही, गेट सोडलं नाही तर पालकांना सरळ सांगावं की याला डे-केअर नको, दुपारी घरी येऊन अर्धा तास फिरवणारा माणूस बघा. एक गिऱ्हाईक जातं, पण तसा एक जण गटात ठेवला की बाकीचे त्याला टोचत राहतात आणि एक दिवस तो उलटतो.

नवी_वाट

सगळ्यांचे आभार. सोमवारपासून पाळ्या सुरू करते. मॅट आणि शेडनेटची ऑर्डर दिली. चेंडू कपाटात. भांडणात घालायची ती फळी किती मोठी हवी?

बेलापूर_खाडी

३ फूट बाय अडीच फूट, वर हात घालायला खाच कापून, कडा घासून. दोन करा, एक हॉलमध्ये आणि एक कंपाउंडात. १२ मिमी प्लायवुड घ्या, ६ मिमीचं वाकतं.